मदत हवी आहे: डब्लिन–झादर उन्हाळी विमान, आईबाबांचे व्हिसा आणि ऑक्टोबरची सुट्टी

नमस्कार मंडळी,

सांगलीहून आईबाबा यंदा पहिल्यांदाच आमच्याकडे डब्लिनला येणार आहेत. घरचा गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत, त्यामुळे २५ सप्टेंबरच्या आधी ते निघत नाहीत. आणि ८ नोव्हेंबरच्या लक्ष्मीपूजनाला आईला सांगलीतच असायचंय. मधल्या दिवसांत त्यांना क्रोएशियातली प्लिट्वित्सेची सरोवरं दाखवायची आहेत. पॅरिस, रोम राहिलं तरी दोघांना खंत नाही, हे मात्र मला जमवायचंच आहे.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, शेवटची वर्षं टेंभू उपसा सिंचन योजनेवर होते. धरण, बंधारा, सांडवा हे विषय निघाले की त्यांना जेवणाचंही भान राहत नाही. प्लिट्वित्सेला सोळा सरोवरं एकाखाली एक आहेत आणि त्यांच्यामधले बांध कुणीही घातलेले नाहीत. पाण्यात विरघळलेला चुना शेवाळावर बसत जातो, त्याचा सच्छिद्र दगड होतो आणि तो दगडच पाणी अडवतो. हे काम थांबलेलं नाही, बांध आजही वाढताहेत. व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवला तेव्हा बाबांनी पहिलं विचारलं, "पाणी फक्त वरून सांडतंय, की पोटातूनही झिरपतंय?" याचं उत्तर त्यांनी तिथं उभं राहून शोधावं असं मला फार वाटतं.

आता अडचण. डब्लिनहून क्रोएशियातल्या झादरला रायनएअरचं थेट विमान असतं आणि झादरहून प्लिट्वित्से गाडीने साधारण दीड-दोन तास. पण हा मार्ग उन्हाळी वेळापत्रकातला. विमान कंपन्यांचा उन्हाळा मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारच्या आदल्या शनिवारी संपतो. २०२६ मध्ये तो २९ मार्च ते २४ ऑक्टोबर. मुलांची मिड-टर्म सुट्टी २६ ते ३० ऑक्टोबर! इथली ही सुट्टी ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारच्या बँक हॉलिडेला जोडून असते, म्हणून बहुतेक वर्षी शाळा बंद होते आणि लगेच मार्गही बंद होतो. कंपनीच्या बाजूने ते बरोबरच आहे. थंडीत झादरला रिकामं विमान कोण नेईल? पण डब्लिनमध्ये मुलं असणाऱ्या प्रत्येक घराला ही तारखांची टक्कर माहीत असेल.

मी इतका विचार केलाय: ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी एकटीने आईबाबांना घेऊन जायचं, नवरा मुलांपाशी थांबेल. पण मग नातवंडांबरोबरचा प्रवास हुकतो, आणि आईला खरी हौस त्याचीच आहे. मिड-टर्ममध्येच जायचं तर बारमाही मार्ग आहेत, मालागा, फारो, माल्टा. ऊन मिळेल, प्लिट्वित्से नाही. तिसरा मार्ग म्हणजे इटलीतल्या बर्गामोपर्यंत एक स्वस्त तिकीट आणि तिथून पुढे दुसऱ्या कंपनीचं. सत्तरी ओलांडलेल्या माणसांना घेऊन असं करावं का, हे तुम्हीच सांगा.

शिवाय व्हिसा. मुलांचे पासपोर्ट आयरिश आहेत. मी आणि नवरा भारतीय पासपोर्टवर, आमचा शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा) इथून करू. आईबाबांना आयर्लंडचा वेगळा आणि शेंगेन वेगळा. दोन्हींसाठी पासपोर्ट जमा करावा लागतो, तर आधी कुठला करायचा? आणि मार्ग कधी आटोपेल याचा भरवसा नसताना व्हिसाच्या अर्जात प्रवासाच्या तारखा कशा टाकायच्या?

कुणी आईवडिलांना घेऊन असा हंगामी मार्ग गाठला असेल तर जरूर लिहा.

प्रतिसाद: डब्लिनकर

ताई, एक महत्त्वाची गोष्ट तुमच्या लिहिण्यात आली नाही. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. आईबाबा डब्लिनला उतरले, मग क्रोएशियाला गेले आणि परत डब्लिनला आले, तर तो आयर्लंडमधला दुसरा प्रवेश होतो. आयरिश व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर झादरहून परतीच्या विमानात त्यांना बसूच देणार नाहीत. तेव्हा एकतर अर्जातच बहुप्रवेश मागा, किंवा सहलीचा क्रमच उलटा करा.

उलटा म्हणजे असा: क्रोएशिया सगळ्यात शेवटी ठेवा आणि आईबाबांना तिथूनच घरी पाठवा. येताना मुंबई–डब्लिन, जाताना झाग्रेब–मुंबई, असं एकाच पीएनआरवर तिकीट काढता येतं. लुफ्तान्साचं फ्रँकफर्टमार्गे दोन्हीकडे जमतं. प्लिट्वित्से झादर आणि झाग्रेबच्या मधेच आहे, त्यामुळे वाट उलट फिरवावी लागत नाही. मग आयरिश व्हिसा एका प्रवेशाचा पुरतो.

आणि तुमची सुट्टी! शुक्रवारी २३ तारखेला शाळा सुटली की शनिवार २४ हाच उन्हाळी वेळापत्रकाचा शेवटचा दिवस. तुम्हाला झादरला फक्त जायचं आहे, यायचं नाही. स्वस्त विमान कंपन्या प्रत्येक फेरी सुटी विकतात, एकेरी तिकिटाला जादा मोजावे लागत नाहीत. परतताना तुम्ही चौघं झाग्रेबहून फ्रँकफर्टमार्गे एका तिकिटावर या. ते महाग पडेल, पण एकाच बाजूचं.

प्रतिसाद: खिडकीजवळची सीट

वरचा प्रतिसाद सोन्यासारखा आहे. फक्त एक पाहा: २४ ऑक्टोबर ही वेळापत्रकाची हद्द झाली. एखादा मार्ग त्याच्या आधीही बंद होतो, आणि आठवड्यातले ठरावीक वारच उडतो. शोधताना तारीख टाकून बसू नका, कंपनीच्या साइटवर महिन्याचं कॅलेंडर उघडा आणि शेवटची भरलेली चौकट कुठली ते बघा. शनिवार नसेल तर आदला वार धरून मुलांची एखाद-दोन दिवस शाळा बुडवा, आभाळ कोसळत नाही.

दोन सुटी तिकिटं जोडण्याचा विचार मात्र सोडून द्या. पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसरी कंपनी थांबत नाही, पैसेही देत नाही आणि सामान प्रत्येक वेळी बाहेर येऊन पुन्हा द्यावं लागतं. पाठीवर सॅक टाकून फिरणाऱ्या पोरांनी करावं ते. आईबाबांसोबत नको, हे मी ठाम सांगतो.

कंपनीने विमान रद्द केलं तर युरोपीय नियमाप्रमाणे पैसे परत किंवा पर्यायी प्रवास, यातलं काय हवं ते प्रवाशाने ठरवायचं असतं. बहुतेक लोक घाईघाईत परताव्याचं बटण दाबतात आणि पर्यायी प्रवासाचा हक्क जातो. कमीत कमी १४ दिवस आधी कळवलं असेल तर वर नुकसानभरपाई मिळत नाही, पण हा हक्क तरीही राहतो.

अजून एक. भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांनी रायनएअरला ऑनलाइन चेक-इन झालं तरी सुरक्षा तपासणीच्या आधी काउंटरवर जाऊन कागदपत्रं तपासून घ्यायची असतात. बोर्डिंग पास आता फोनवरच, त्यामुळे आईबाबांचे पास तुमच्या फोनमध्ये ठेवा आणि फोन चार्ज असू द्या.

प्रतिसाद: मिरजेची

व्हिसाच्या क्रमाबद्दल. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आयरिशचा तीन महिने आधीपासून. त्यामुळे शेंगेन आधी उरकावा असं माझं मत. व्हीएफएसची (व्हिसाचे अर्ज घेणारी एजन्सी) वेळ उन्हाळ्यात मिळता मिळत नाही, तेव्हा आत्ताच बघायला लागा. शेंगेन त्यांनी भारतातूनच करायचा, डब्लिनला पाहुणे म्हणून आल्यावर इथं अर्ज घेत नाहीत. अर्ज क्रोएशियाचाच, कारण मुक्काम तिथे. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. फी माणशी ९० युरो, विमा निदान ३०,००० युरोंचा. सोबत साध्या भाषेत एक पत्र जोडा: आधी लेकीकडे डब्लिन, तिथून क्रोएशिया, तिथून घर. तिकीट विकत घेतलेलं लागत नाही, आरक्षण किंवा आराखडा चालतो. आणि तारखांना थोडी ढील ठेवा. २४ लाच जाणार असाल तरी २२ पासून मागा.

प्लिट्वित्सेला आम्ही सासूबाईंना नेलं होतं. फळ्यांचे पूल आहेत, काही ठिकाणी कठडा नाही आणि पाऊस झाला की फळ्या निसरड्या होतात. काकूंना रबरी तळव्याचे बूट घ्या, चपला नकोत. प्रवेशद्वार दोनवरून आत गेलात तर कोझ्याक सरोवरातली विजेची बोट आणि वरची पॅनोरमा गाडी तिकिटातच येते, गुडघे वाचतात. ऑक्टोबरअखेर गर्दी ओसरलेली असते, झाडं पिवळी-तांबडी झालेली असतात. काकांना खालच्या सरोवरांच्या बांधाजवळ निवांत उभं राहू द्या. तिथं शेवाळावर चढलेला चुन्याचा थर अगदी जवळून दिसतो.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. बहुप्रवेशाची गोष्ट कळली नसती तर सगळं विमानतळावरच अडलं असतं. बाबांना फोनवर उलटा क्रम सांगितला, ते लगेच कागद-पेन्सिल घेऊन बसले.

शेंगेनच्या अपॉइंटमेंटचं आजपासून बघते. शनिवारचं विमान नसेल तर शुक्रवारी मुलांची शाळा बुडवायची, हेही ठरलं.

आता एकच प्रश्न उरलाय, सामानाचा. आईबाबा डब्लिनहून निघतील ते थेट घरी जाण्यासाठी, म्हणजे मुंबईच्या विमानातल्या मोठ्या बॅगा त्यांच्याबरोबर झादरला येणार. रायनएअरला फुकटात फक्त ४०×३०×२० सेंटिमीटरची पिशवी, मोठ्या बॅगा २० किलोच्या हिशोबाने आधीच विकत घ्याव्या लागतील. त्या घेऊन सरोवरांवर जायचं तर झादरला गाडी भाड्याने घेऊन झाग्रेबला सोडावी, की बसने जाऊन प्लिट्वित्सेच्या प्रवेशद्वाराशी सामान ठेवण्याची सोय होते? कुणी अलीकडे गेलं असेल तर सांगा.