हॉटेलसाठी सलामँडर: गॅसचा घ्यावा की इलेक्ट्रिक?

नाशिककर_ताई:
नमस्कार मंडळी. नाशिकला आमचं साठेक खुर्च्यांचं मल्टिक्युझिन हॉटेल आहे, मी आणि माझा दीर मिळून बघतो. मेनूवर ऑ ग्रेटिन (व्हाइट सॉस आणि चीज घालून वरून भाजलेली डिश), लझान्या, चीज गार्लिक ब्रेड, चीजचे सिझलर असं बरंच आहे आणि आत्ता सगळं एकाच ओव्हनमधून काढतोय. शनिवार-रविवारी रात्री ओव्हन अडकून बसतो, वर रंग येईपर्यंत आतला व्हाइट सॉस आटून कोरडा पडतो आणि तिकडे टेबलवाले वाट बघत बसतात. म्हणून सलामँडर घ्यायचा विचार आहे, म्हणजे वरून कडक आच देऊन डिशवर रंग आणणारं मशीन. डीलरने दोन कोटेशन दिलेत, एक गॅसचा इन्फ्रारेड बर्नरवाला आणि एक ४ किलोवॅटचा इलेक्ट्रिक ज्याचं डोकं (आच देणारा वरचा भाग) खालीवर होतं. दुसरा एक जण म्हणतो चीज मेल्टर घ्या, स्वस्तात काम होईल. गॅस १९ किलोच्या टाक्यांवर आहे, लाइट थ्री फेज आहे पण एसीमुळे लोड बराच भरलाय. काय घेऊ?

वस्ताद_किचनवाला:
ताई, चीज मेल्टर आणि सलामँडर एकच समजू नका. मेल्टरची आच मऊ असते, चीज वितळतं, ताट गरम राहतं, पण तुम्हाला ऑ ग्रेटिनवर जे तपकिरी डाग पाहिजेत ते त्यात लवकर येत नाहीत. नुसते नाचोज आणि गार्लिक ब्रेड असते तर मेल्टर घ्या म्हणालो असतो. तुमच्या मेनूला सलामँडरच पाहिजे.
आणि डोकं खालीवर होणारा असेल तर फार सोय होते, कारण या मशीनमध्ये सगळा खेळ अंतराचा आहे. ब्रेडला जरा लांबून आच द्यायची, ग्रेटिनला जवळून. तो फिक्स असेल तर निदान जाळीला तीन-चार खाचे आहेत का बघा. जाळीची रुंदी पण टेप लावून मोजा, तुमच्या दोन डिश शेजारी शेजारी बसल्या पाहिजेत, नाहीतर गर्दीत परत तीच रांग लागणार. आत फक्त ओव्हनप्रूफ भांडं जाऊ द्या, मेलामाइन अजिबात नाही.

लाइन_आणि_लोड:
मी हॉटेलांची वायरिंगची कामं करतो म्हणून आधी लाइटचं बोलतो. ४ किलोवॅट म्हणजे २३० व्होल्टला १७ अँपिअरच्या वर जातं, ते १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावूच नका, कोणी कितीही चालतं म्हणाला तरी. बोर्डापासून वेगळी लाइन, ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, योग्य एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच), अर्थिंग तपासलेलं, एवढं पाहिजेच. थ्री फेजमध्ये ज्या फेजवर एसी कमी आहेत त्यावर टाका. बिलावर मंजूर लोड किती आहे तो बघा, पुरत नसेल तर वाढवून घ्या आणि मगच मशीन आणा. लाइट गेल्यावर जनरेटरवर काय काय चालतं तेही सांगा, ५ केव्हीएवर हा आणि फ्रीज एकत्र ओढणार नाही.

नाशिककर_ताई:
जनरेटर ५ चाच आहे दादा, आणि संध्याकाळी लाइट जाते अधूनमधून. मग गॅसचाच घ्यावा का? आमच्या रस्त्याला पाइप गॅस येणार असंही ऐकतोय.

लाइन_आणि_लोड:
मग तुमच्याकडे गॅसच. फक्त घेताना लिहून घ्या की जेट (बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची नळी) एलपीजीचा, म्हणजे टाकीच्या गॅसचा आहे आणि पुढे पाइप गॅसचा जेट बदलून मिळेल, कारण दोन्हीचा प्रेशर आणि जेटचं भोक वेगळं असतं, तसाच जोडला तर ज्योत बिघडते. कोटेशनवर बर्नर किती किलोवॅटचा आहे तेही विचारा. १० किलोवॅटचा असेल तर फुल ज्योतीवर तासाला साधारण ८०० ग्रॅम गॅस जातो, म्हणजे दिवसभर फुल ठेवला तर टाकी बघता बघता संपणार. दोन बर्नरचे दोन वेगळे कॉक असलेलाच घ्या, ऑर्डर कमी असताना एकच बाजू चालवा. फ्लेम फेल्युअर, म्हणजे ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी सोय, पाहिजेच, त्यात घासाघीस करू नका.

वस्ताद_किचनवाला:
गॅसचा तापायला काही मिनिटं जातात, पहिली केओटी (किचनला येणारी ऑर्डरची चिठ्ठी) आली की पेटवला असं चालत नाही, सर्व्हिसच्या आधीच पेटवून ठेवायचा. भट्टीच्या वर टांगणार असाल तर कंपनीने सांगितलेलं अंतर सोडा आणि एक्झॉस्टचा हूड त्याच्यावरही आला पाहिजे, चीज जळतं तेव्हा धूर होतोच. जाळी शेफच्या छातीच्या उंचीला ठेवा, गरम डिश डोक्यावरून ओढताना हात भाजतात. इन्फ्रारेड बर्नरच्या सिरॅमिक प्लेटा तापलेल्या असताना पोऱ्याला ओलं फडकं लावू देऊ नका, तडा जातो, आणि त्या प्लेटा इथे लगेच मिळतात का ते पैसे देण्याआधी डीलरला विचारा. खाली वितळलेलं तूप-चीज साचतं तो ट्रे रोज रात्री बाहेर काढून धुवायचा, तिथेच आग लागते.
आणि डिश सॉससकट गरम करूनच खाली सरकवा. थंड लझान्या वरून काळा होतो, आत गारच राहतो. तुमचा ओव्हन बेकिंगला मोकळा करायचा आणि वरच्या रंगाचं काम याच्यावर टाकायचं.

नाशिककर_ताई:
दोघांचे मनापासून आभार. उद्या टेप घेऊन जाते आणि जाळीवर आमच्याच डिश ठेवून बघते. जेटचं आणि प्लेटांचं कोटेशनवर लिहून घेते, मगच अॅडव्हान्स.