हॅण्डीवर 136 ते 174 दिसतं, मग 146 च्या वर का बोलायचं नाही?

मिरजेचा_नवखा
नमस्कार मंडळी. बारावी झाली, आता हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेड परीक्षेची तयारी करतोय. मामांकडे लायसन्स आहे. त्यांच्या हॅण्डीवर, म्हणजे हातातल्या रेडिओ सेटवर, 136 ते 174 मेगाहर्ट्झ लागतं. एका व्हिडिओत अमेरिकेतला हॅम 146.520 वर बोलताना दिसला, पण माझ्या पुस्तकात 144 ते 146 एवढंच आहे. असं का?

यवतेश्वर_पायथा (सातारा)
बाळा, नांगर शेजारच्या वावरातही चालतो, म्हणून आपण बांध ओलांडत नाही. सेटचंही तसंच.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने जगाचे तीन विभाग केलेत. अमेरिका दुसऱ्यात, आपण तिसऱ्यात. आता गंमत बघ, तिसऱ्या विभागाच्या तक्त्यात हौशींना 148 पर्यंत जागा आहे. पण प्रत्येक देश आपली गरज बघून त्यातलं किती द्यायचं ते ठरवतो, आणि भारताचं वाटप 146 ला थांबतं. वरची जागा दुसऱ्यांच्या कामाची आहे. 70 सेंटिमीटरच्या बँडवर (पट्ट्याचं नाव लहरीच्या लांबीवरून) तर आपल्याला 434 ते 438 मेगाहर्ट्झ एवढंच मिळतं.

मिरजेचा_नवखा
समजलं काका. म्हणजे 145.995 चालेल ना?

यवतेश्वर_पायथा (सातारा)
नको! हे नीट समजून घे, नवे लोक इथेच चुकतात. डिस्प्लेवरचा आकडा म्हणजे सिग्नलचा मध्य. एफएमवर आवाज साधारण 16 किलोहर्ट्झ जागा घेतो, म्हणजे दोन्ही बाजूंना आठ-आठ. 145.995 वर पीटीटी (बोलायचं बटण) दाबलंस की तुझा आवाज 146.003 पर्यंत सांडला.

40 मीटरच्या बँडवर आपल्याला 7.000 ते 7.200 मेगाहर्ट्झ आहे. तिथे एलएसबी या पद्धतीत बोलतात, आणि आवाज डायलच्या आकड्याखाली पसरतो. मी नवा असताना एका रविवारी सकाळी 7.001 वर सीक्यू, म्हणजे 'कोणी आहे का' अशी हाक, दिली. माझा सिग्नल 6.998 पर्यंत गेला होता. कोल्हापूरकडचे एक ज्येष्ठ हॅम लगेच आले, कॉलसाइन (आपली रेडिओवरची ओळख) देऊन म्हणाले, "वर या, तुम्ही बँडबाहेर आहात. आणि इथे खाली मोर्स कोडवाले असतात." फार लाज वाटली, पण त्या दिवसापासून कडेपासून चार हात लांब राहतो.

कृष्णाकाठची (पलूस)
काकांचं अगदी बरोबर. एक भर घालते. 2019 च्या पुरात आमच्या घरात मोबाइलला रेंज नव्हती, तेव्हापासून मी या छंदात आले. हॅण्डीवर पलूसहून थेट सातारा गाठणं अवघड, मध्ये डोंगर. पण गच्चीवर वीसेक मीटर तारेचा डायपोल अँटेना बांधला, आणि सकाळी 40 मीटरवर सातारा शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा येतो. रात्री तोच बँड उघडला की जवळचे गायब, लांबचे हजर.

आणि हो, मामांच्या सेटवर 145.800 लावून ठेव. अंतराळ स्थानकावरून हॅमशी बोलणं सुरू असेल आणि स्थानक मिरजेवरून जात असेल, तर अंतराळवीराचा आवाज ऐकू येतो. लायसन्स हातात येईपर्यंत पीटीटीला मात्र हात लावू नकोस.

मिरजेचा_नवखा
आजच मामांना सांगतो. त्यांचा नेहमीचा चॅनेल 145.995 वरच सेव्ह आहे.