प्रागचा शनिवार बदला

आत्या: दादाने टाकलेला प्रागचा कार्यक्रम आत्ता चष्मा लावून वाचला. शनिवारी ३ ते ४ योझेफोव्ह, म्हणजे जुनी ज्यू वस्ती. अरे, शनिवारी ज्यू म्युझियम बंद असतं, त्यांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस असतो. मी हे गणपतीतच सांगितलं होतं.

दादा (म्युनिक): सॉरी आत्या, राहून गेलं. बाहेरून बघू या का? रविवारी सकाळी किल्ला धरलाय.

आत्या: बाहेरून भिंत दिसते. भिंत बघायला मी पुण्याहून येत नाहीये.

काका: ट्रामचं कागदी तिकीट घेतलं की चढल्याबरोबर पिवळ्या मशीनमध्ये शिक्का मारायचा. नाहीतर दंड.

वहिनी: आत्या, राग मानू नका. पण व्हिएन्नातही एक अख्खा दिवस म्युझियममध्येच गेला. मुलं रडकुंडीला आली होती. शिवाय आईंचे गुडघे.

आई: माझ्या गुडघ्यांना मध्ये आणू नका 🙏

ताई (नाशिक): प्रागच्या त्या जुन्या खगोलीय घड्याळातला सांगाडा तासाला घंटा वाजवतो, त्याचा व्हिडिओ नक्की पाठवा. पिंट्या सकाळपासून विचारतोय.

दादा: पाठवतो. १४१० चं घड्याळ आहे, अजून चालतं.

बाबा: आमच्या हॉलमधलं दिवाळीपासून बंद आहे 😄

ताई: आणि युरो चालतात ना तिथे?

वहिनी: नाही, त्यांचे क्राऊन वेगळे. दुकानदार युरो घेतात, पण भाव स्वतःचा लावतात. कार्डच वापरणार.

काका: कार्डाचं ठीक. पण तिकिटावर शिक्का.

आत्या: विषय भरकटला. मी का हट्ट धरतेय ते एकदाच सांगते. त्या म्युझियममधल्या पिंकास सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या सुमारे ७८,००० ज्यूंची नावं हाताने लिहिली आहेत. वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या नाझी छावणीतल्या मुलांची चित्रं आहेत. फ्रिडल डिकर-ब्रँडाइस नावाची बाई त्यांना तिथे चित्रकला शिकवायची. १९४४ मध्ये तिला आउश्वित्झला नेऊन मारलं. जाण्याआधी तिने साधारण साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये लपवून ठेवली. मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. मुलांचे कागद मीही जपून ठेवलेत. मला ती चित्रं बघायची आहेत, बाकी काही नाही दाखवलंत तरी चालेल.

आई: वन्सं, हे आधी का नाही बोललात?

आत्या: बोलले होते. मोदक वळताना.

वहिनी: माझा विरोध नाही आत्या. पण छकुली आठ वर्षांची आहे. तिला काय सांगायचं?

आत्या: फुलं, घरं, फुलपाखरं काढली आहेत त्या मुलांनी. चित्रं मी तिला दाखवेन. बाकीचं केव्हा सांगायचं ते तू ठरव.

दादा: मग अदलाबदल. शनिवारी सकाळी सातच्या आत चार्ल्स ब्रिज, नंतर गर्दीत चालता येत नाही. तिथून २२ नंबरची ट्राम किल्ल्याकडे, म्हणजे आईला चढ नको. रविवारी ९ ला म्युझियम उघडतं, आधी पिंकास, मग जुनी दफनभूमी.

आत्या: दफनभूमी घाईत नको. ज्यूंना पुरायला दुसरी जागाच देत नव्हते म्हणून जुन्या थडग्यांवर माती टाकून पुन्हा पुरत गेले. १२,००० च्या आसपास दगड आहेत.

वहिनी: बरं. दुपारची परतीची गाडी संध्याकाळची करून घ्या. आणि दशम्या किती जणांच्या करू?

काका: सहा. ट्राममध्ये पिवळं मशीन दारापाशीच असतं.