50 मीटर फ्रीस्टाइल: रिअ‍ॅक्शन टाइम सगळ्यांचा जवळपास सारखा, मग फरक पडतो कुठे?

स्टॉपवॉच

सिंगापूरच्या 2025 च्या जागतिक स्पर्धेतली पुरुषांची 50 मीटर फ्रीस्टाइल फायनल परत परत पाहतोय. कॅमेरॉन मॅकएवॉय 21.14, बेन प्राउड 21.26, जॅक अलेक्सी 21.46. अशा फायनलमध्ये रिअ‍ॅक्शन टाइम बहुतेकांचा 0.60 ते 0.68 च्या दरम्यान असतो, म्हणजे ब्लॉकवरच (जिथून सूर मारतात तो ओटा) फार काही घडतं असं वाटत नाही. फ्लिप टर्न (भिंतीपाशी कोलांटी मारून वळणं) नाही, वेग राखून ठेवण्याचा डाव नाही. मग 0.12 सेकंद नेमके कुठे हातातून जातात?

दुसरं, हे व्हिडिओवरून मोजता येतं का? 25-26 सेकंदांत 50 मारणाऱ्या ज्युनिअर मुलांमध्ये एक गोष्ट हमखास दिसते. 25 पर्यंत पुढे असतात आणि शेवटच्या 15 मीटरला मागे पडतात. सगळे त्याला "दम संपला" म्हणतात. खरंच तेवढंच असतं का?

पाणकावळा

आधी तो रिअ‍ॅक्शन टाइमचा आकडा नीट समजून घ्या. सिग्नल ऐकल्यावर हालचाल कधी सुरू झाली हे तो सांगत नाही. पाय ब्लॉकवरून कधी सुटले हे सांगतो. म्हणजे ब्लॉकला जोर लावण्याचा वेळही त्यातच धरलेला असतो. 0.60 ला निघालेला पोहणारा कदाचित अर्धवट रेटा देऊन निघालेला असेल आणि 0.65 वाला पूर्ण रेटा देऊन अर्धा फूट लांब पडला असेल. नुसता आकडा कमी करायच्या नादात मुलं उडी मारण्याऐवजी पाण्यात कोसळतात.

आता हिशेब. 21.14 म्हणजे सरासरी सेकंदाला 2.37 मीटर. पण हा वेग सगळीकडे सारखा नसतो. पहिले 15 मीटर 5.2 सेकंदांत गेले असं धरा. तिथला सरासरी वेग 2.88 होतो आणि उरलेल्या 35 मीटरचा जेमतेम 2.20. सूर मारून मिळालेला वेग हा सगळ्या शर्यतीतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात स्वस्त वेग. तिथून पुढे तो फक्त कमी होत जातो.

ब्लॉकवर बघायच्या गोष्टी: पुढच्या पायाची बोटं कडेवर घट्ट वळलेली, मागचा पाय तिरक्या पाटीवर, मागच्या गुडघ्याचा कोन साधारण 90 अंश, कंबर उंच. ओमेगा कंपनीच्या ब्लॉकवर ही पाटी 30 अंशांत असते आणि पाच जागी सरकवता येते. आपली खाच कितवी ते पाठ हवं आणि वर चढल्यावर पायाने दाबून लॉक बसलाय याची खात्री करायची. लॉक अर्धवट असेल तर ऐन रेट्याला पाटी सरकते आणि मागच्या पायाचा जोर फुकट जातो.

पाण्यात शिरताना हात, डोकं, कंबर, पाय एकाच भोकातून गेल्यासारखे. कंबर मागे राहून वेगळी आदळली की तिथेच ब्रेक लागतो. नियमाने 15 मीटरच्या आत डोकं वर यायला हवं, पण 50 फ्रीमध्ये 15 पर्यंत खाली राहणं प्रत्येकाच्या फायद्याचं नसतं. डॉल्फिन किकचा (दोन्ही पाय जोडून पाण्याखाली मारलेल्या लाथांचा) वेग आपल्या पोहण्याच्या वेगाइतका खाली आला की वर यायचं. कुणाचा तो बिंदू 10 मीटरला येतो, कुणाचा 13 ला. ज्याची किक कच्ची आहे त्याने खाली राहणं म्हणजे नुसतं थांबणं.

तिसरी_लेन

व्हिडिओवरून मोजता येतं, फक्त शून्य कुठे धरायचं ते चुकवू नका. बहुतेक जण भोंग्याचा आवाज ऐकून घड्याळ लावतात. आवाज सेकंदाला 343 मीटर जातो. कॅमेरा 15 मीटर लांब असेल तर आवाज त्याच्यापर्यंत 0.044 सेकंद उशिरा पोचतो. याच कारणासाठी प्रत्येक ब्लॉकमागे वेगळा स्पीकर असतो. एकच भोंगा पहिल्या लेनच्या बाजूला ठेवला, तर 2.5 मीटरच्या आठ लेन धरून पलीकडच्या टोकाला आवाज जवळजवळ 0.06 सेकंद उशिरा जाईल. पॅरिस 2024 मध्ये मॅकएवॉय (21.25) आणि प्राउड (21.30) यांच्यातला सुवर्ण-रौप्याचा फरक 0.05 होता.

टीव्हीच्या चित्रणावर सोपी युक्ती: पाय ब्लॉकवरून सुटल्याची फ्रेम शोधा आणि पडद्यावर दाखवलेला रिअ‍ॅक्शन टाइम तिथून मागे मोजा. ते तुमचं शून्य. स्वतः चित्रण करत असाल तर स्टार्टरचा दिवा फ्रेममध्ये येऊ द्या.

पुढचं काम लेनच्या दोऱ्या करतात. दोन्ही टोकांपासून 5 आणि 15 मीटरवर आणि मध्ये 25 वर खुणेच्या रंगाचे फ्लोट असतात. म्हणजे 15, 25, 35, 45 चे वेळ डोक्याच्या जागेवरून घेता येतात. त्याच पोहणाऱ्याच्या लेनची दोरी बघा, शेजारची नाही. तिरक्या कॅमेऱ्यात अर्धा मीटर सहज चुकतो. सेकंदाला 25 फ्रेमच्या चित्रणात एक फ्रेम 0.04 ची, म्हणजे सुमारे 8 सेंटीमीटर. त्यावरून शतांशावर वाद घालू नका. 10 मीटरचे तुकडे घ्या.

हातांची गती: उजवा हात पाण्यात शिरताना घड्याळ सुरू, तोच हात त्यानंतर तिसऱ्यांदा शिरला की बंद. तीन आवर्तनं (एक आवर्तन म्हणजे दोन्ही हातांची एकेक फेरी) 2.90 सेकंदांत झाली तर मिनिटाला 62. वेगाला 60 ने गुणून या 62 ने भागलं की एका आवर्तनात किती मीटर सरकला ते मिळतं.

स्टॉपवॉच

शून्याची युक्ती भारी आहे. एका शर्यतीवर करून पाहिलं. 25 ते 35 मीटर 4.60 सेकंद, हातांची गती 62. 35 ते 45 मीटर 4.80 सेकंद, गती 64. म्हणजे हात जास्त जोरात चालले आणि माणूस हळू गेला?

पाणकावळा

हो, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे. पहिल्या तुकड्यात आवर्तनाला 2.10 मीटर, दुसऱ्यात 1.95. पाणी पकडीतून सुटलं. दमाला दोष देऊ नका, 21 सेकंदांच्या शर्यतीत ऑक्सिजनवर चालणाऱ्या यंत्रणेचा वाटा तसाही लहान असतो. स्नायूंमधला तयार साठा दहाएक सेकंदांत उतरणीला लागतो. मग पुढचा हात पाण्यात शिरल्यावर कोपर खाली पडतं, तळवा पाणी मागे ढकलण्याऐवजी खाली दाबतो आणि पोहणारा ती कसर हात भराभर फिरवून भरून काढायला बघतो. बाहेरून ते जोरदार दिसतं. काठावरून "अजून जोरात!" ओरडणारे त्यात तेल ओततात.

सांगायचं असेल तर "कोपर वर, पाय सोडू नकोस" एवढंच सांगा. पाय मंदावले की कंबर बुडते आणि मग कितीही हात मारले तरी उपयोग नाही.

एक_पेर

भिंतीबद्दल कुणीच बोललं नाही. शेवटी वेग 2.1 च्या आसपास असतो, म्हणजे 0.01 सेकंद म्हणजे दोन सेंटीमीटर, बोटाच्या पेराहूनही कमी. रिओ 2016 ला अँथनी अर्व्हिन 21.40, फ्लोराँ मनाडू 21.41. जकार्ताच्या 2018 च्या आशियाई स्पर्धेत वीरधवल खाडेचं कांस्य याच एका शतांशाने गेलं. सहस्रांश बघून निकाल का लावत नाहीत, असं दर वेळी कुणीतरी विचारतं. सहस्रांशात पोहणारा दोन मिलिमीटर जातो आणि दोन लेनच्या लांबीत तेवढा फरक बांधकामातच असू शकतो. म्हणून शतांशावर बरोबरी झाली की दोघांना एकच पदक. सिडनी 2000 ला अर्व्हिन आणि गॅरी हॉल ज्युनिअर दोघेही 21.98, दोघांना सुवर्ण.

सराव असा: पाच मीटरच्या रंगीत फ्लोटपासून भिंतीपर्यंत पूर्ण वेगात किती हात लागतात ते मोजा आणि पक्कं करा. शर्यतीत शेवटचा हात अर्धवट पडणार असं दिसलं तर निर्णय दोन हात आधी घ्यायचा. शेवटचा हात लांब, खांदा पुढे काढून, शरीर कुशीवर, चेहरा पाण्यात. भिंत बघायला मान उचलली की हात आखडतो. टचपॅड (घड्याळ थांबवणारी भिंतीवरची पाटी) लाटेने चालू होत नाही, बोटांनी दाबावा लागतो, त्यामुळे तळवा सपाट आपटण्यापेक्षा बोटं सरळ पॅडमध्ये घुसवायची.

नवखा_पाणबुड्या

मॅकएवॉय सरावात पोहण्याचं अंतर अगदी कमी ठेवतो आणि ताकदीवर भर देतो असं सगळीकडे लिहिलंय. मग ज्युनिअरने रोजचे चार-पाच किलोमीटर बंद करावेत का?

पाणकावळा

नाही. त्याच माणसाने 2016 मध्ये 100 मीटर 47.04 मध्ये मारले होते. ती वर्षानुवर्षांची पकड आधीच अंगात होती, मग त्याने अंतर कापलं. 15 वर्षांच्या मुलाकडे कापायला काही साठलेलं नसतं. अंतर राहू द्या, पण आठवड्यातून दोनदा वॉर्मअपनंतर लगेच, ताजं असताना, ब्लॉकवरून 6 वेळा 15 मीटर, मध्ये पूर्ण 3 मिनिटं विश्रांती. वेळ घसरायला लागली की थांबवा, सहा पूर्ण करायचा हट्ट नको. पुढच्या वेळी सूर न मारता 25 मीटर, तेही पूर्ण वेगात आणि तेवढ्याच विश्रांतीने, हातांची संख्या मोजून.

तिसरी_लेन

श्वासाबद्दल राहिलं. फायनलमधले बरेच जण शून्य किंवा एक श्वास घेतात. ज्युनिअरने एक घ्यावा, 25 ते 30 मीटरच्या मध्ये, शेवटच्या दहा मीटरला नाही. डोकं वळताना पुढचा हात खाली घसरतो का, हे समोरून चित्रण करून बघा. ज्या बाजूला घसरत नाही ती श्वासाची बाजू. आणि गॉगलचा पट्टा दोन टोप्यांच्या मध्ये ठेवा. सूर मारताना हनुवटी वर राहिली तर तोही निघतोच, पण मग चूक कुठे झाली ते लगेच कळतं.