चारही मतं एकाच चिन्हाला? मी देणार नाही

वर्तकनगरची
ठाणे महापालिकेच्या जानेवारी २०२६ च्या निवडणुकीवरून काल आमच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरत होती. "उमेदवार कोण ते बघत बसू नका. १५ जानेवारीला अ, ब, क, ड चारही ठिकाणी एकच चिन्ह दाबा. पॅनल फुटलं की प्रभागाची वाट लागते." आपल्या प्रभागाला चार नगरसेवक, म्हणून चार मतं; पॅनल म्हणजे एका पक्षाचे चार उमेदवार. पोस्टखाली अंगठ्यांची रांग. रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहिते.

आमच्याकडे २०१७ ला पॅनल फुटलं नव्हतं, चारही एकाच पक्षाचे आले. २०१९ च्या पावसाळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी चेंबरचं झाकण गेलं. मी पहिल्या नगरसेवकाकडे गेले. ते म्हणाले, आम्ही चौघांनी भाग वाटून घेतलेत, तुमची गल्ली माझ्याकडे येत नाही. दुसऱ्यांनी तिसऱ्यांकडे पाठवलं. तिसऱ्या बाई गावी. चौथे म्हणाले, आधी पहिल्यांना विचारा. गल्लीतल्या पोरांनी त्या भोकात गुलमोहराची फांदी खुपसली आणि वर लाल फडकं बांधलं. पावसाने फांदी आडवी झाली आणि अकराव्या दिवशी शेजारच्या आजींचा पाय आत गेला. खुब्याचं ऑपरेशन झालं. आजी पुन्हा जिना उतरल्या नाहीत.

कायद्याने चौघंही अख्ख्या प्रभागाचे असतात. वाटणी त्यांनी आपसात केलेली. मुलुंड चेकनाक्यापलीकडे, मुंबईत, एका प्रभागाला एकच नगरसेवक आहे, तिथल्या माणसाला कुणाच्या दारात जायचं ते ठाऊक असतं. आपल्याकडे चार दारं, म्हणून चारही माणसं पारखून घ्यायला हवीत.

नौपाडाकर
ताई, आजींचं वाचून वाईट वाटलं. पण तुमचा मुद्दा मला पटत नाही आणि तो लोकांची दिशाभूल करणारा आहे. महापालिकेत १३१ जागा. ६६ जिकडे, महापौर तिकडे, खर्च मंजूर करणारी स्थायी समिती तिकडे. एकटा अपक्ष सभागृहात हात वर करून बसतो आणि निधी मात्र शेजारच्या प्रभागात जातो. आमच्याकडे एकदा दोन-दोन पक्षांचे निवडून आले होते. एका छोट्या बागेचं उद्घाटन दोनदा झालं, सकाळी एकांचं आणि संध्याकाळी दुसऱ्यांचं. पाटीवर कुणाचं नाव वर यावरून पाटीच वर्षभर लागली नाही. झोपाळ्याच्या कड्या तुटल्या त्या तुटल्याच. मी माझ्या नातवाला घेऊन जायचो तिथे. असली फुटलेली पॅनलं आम्ही भोगलीत.

वर्तकनगरची
चिन्हाचं एवढं खात्रीने सांगताय म्हणून विचारते. २०१७ ला शिवसेनेचे ६७ आले, एकहाती सत्ता. २०२२ ला पक्ष फुटला. पुढच्या वर्षी राष्ट्रवादी फुटली. तुम्ही दाबलेल्या चिन्हाने कुणाला बांधून ठेवलं? माणूस गेला त्याच्या मनाने आणि मत देणारा राहिला बघत.

नौपाडाकर
हे राज्याचं राजकारण आहे, प्रभागाशी त्याची गल्लत करू नका.

कोपरीचे काका
नोकरीची तीस वर्षं महापालिकेच्या कामांत गेली, म्हणून बोलतो. मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली, तेव्हापासून आयुक्तच प्रशासक आहेत. पाणी आलं, कचरा उचलला, रस्ते झाले. कुणाचं अडलं? महासभेचे आणि स्थायीचे दोन्ही अधिकार आयुक्तांकडे, फाईल अडत नाही. नगरसेवक होते तेव्हा साधं गटार रुंद करायचं तरी कुणाच्या ना कुणाच्या कार्यालयात आम्हाला उभं राहावं लागायचं.

कासारवडवलीची
काका, पाणी आलं? कुठे आलं? पत्ता द्या, मी हंडा घेऊन येते!

घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत मागच्या एप्रिलमध्ये रोज सहा टँकर. पहाटे पाचला पहिला येतो, त्याचा पाइप टाकीत टाकला की जिन्यात डिझेलचा वास भरतो. दहावीचा मुलगा त्या आवाजात अभ्यास करतो. मेंटेनन्समध्ये टँकरचा आकडा वेगळा लिहून येतो. नगरसेवक असताना निदान त्यांच्या ऑफिसात जाऊन आरडाओरडा करता यायचा. आता माजिवडा-मानपाडा प्रभाग समितीत गेलं की खिडकीतून सांगतात, अर्ज ठेवून जा. जवळजवळ चार वर्षं आम्ही अर्ज ठेवतोय.

दिव्याचा प्रवासी
घोडबंदरवाल्यांना टँकर तरी मिळतो. आमच्या दिव्यात ये, रात्री दोनला उठून मोटर लावायला. वर्षानुवर्षं ठाण्याचा कचरा आमच्या अंगणात टाकलात, धूर आमच्या पोरांनी खाल्ला. तेव्हा एकही घोडबंदरवाला बोलला नाही. तुम्ही फ्लॅट घेताना विचारलं होतं का पाणी कुठून येणार ते?

कासारवडवलीची
विचारलं होतं! बिल्डरच्या ऑफिसात विचारलं होतं, "महापालिकेची लाइन आहे" असं सांगितलं. लाइन आहेच, तीत पाणी नाही. वीस वर्षांचं कर्ज काढून घेतलंय घर, दिवाळीच्या सेलमध्ये नाही. आणि बांधकामांना परवानग्या मी दिल्या का?

नौपाडाकर
धागा उमेदवारांचा आहे. पाण्यासाठी वेगळा काढा.

कासारवडवलीची
का म्हणून? मी पाण्यावरच मत देणार आहे. नवी मुंबईने स्वतःचं मोरबे धरण घेतलं. आपली महापालिका १९८२ ची, त्यांची १९९२ ची, दहा वर्षांनी धाकटी! आपण आजही पाण्यासाठी भातसा, स्टेम ही पाणी कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार दारांत उभे. होणार होणार म्हणतात त्या शाई धरणाचं मी लग्न होऊन या घरात आल्यापासून ऐकतेय. दर निवडणुकीला शाई, निवडणूक झाली की टँकर.

शहापूरचा जावई
इतका वेळ वाचत होतो, आता राहवत नाही. धरण, धरण करताय, ते कुणाच्या जमिनीवर व्हायचं? माझी सासुरवाडी शहापूर तालुक्यात आहे. भातसा तिथलंच. मुंबईला पाणी जातं, ठाण्याला जातं आणि सासूबाई मे महिन्यात टँकरच्या रांगेत. धरण उशाला नि कोरड घशाला. सासऱ्यांच्या वयाची माणसं विहिरीच्या तळाला उतरून वाटीने पाणी भरतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या टॉवरमधला जलतरण तलाव आधी बंद करा, मग शाईचं बोला.

कासारवडवलीची
आमच्याकडे जलतरण तलाव नाही.

शहापूरचा जावई
शेजारच्या टॉवरमध्ये आहे ना. आणि ठाण्याच्या जुन्या लाइनींतून गळतं किती, त्यावर एकही उमेदवार बोलत नाही. गळती थांबवली तर भूमिपूजन करता येत नाही, फोटो निघत नाही.

कोपरीचे काका
गळतीचं जावईबापूंनी बरोबर सांगितलं. जमिनीखालचं काम कुणालाच नको असतं. आम्ही झडपा बदलायचं म्हणायचो, तर "आधी पेव्हर ब्लॉक टाका" हा हट्ट. चांगले असलेले उखडून नवे टाकलेत, तेही दोनदा. म्हणूनच म्हणतो, नगरसेवक नव्हते ते बरं होतं.

वर्तकनगरची
काका, तुमचा राग मी समजू शकते, पण नको तिथे निघतोय. हट्ट करणारा निदान निवडणुकीत पाडता येतो. आयुक्तांना मी कुठल्या बटणाने पाडू? नवी मुंबईकर तर मे २०२० पासून असेच नगरसेवकांविना बसलेत. मला माझ्या प्रभागासाठी सभागृहात उभं राहून बोलणारं माणूस हवं आहे.

दिव्याचा प्रवासी
माणूस बघा म्हणता, पण माणूस प्रभागातला असतो का? शहराच्या यादीत नाव असलं की कुठूनही उभं राहता येतं. आमच्या बाजूच्या प्रभागात असाच एक उपरा उभा आहे, त्याला दिवा पूर्व कुठे नि पश्चिम कुठे ते विचारावं लागतं. तिकीट मिळालं म्हणून आला.

नौपाडाकर
आणि महिला जागांवर नवरेच कारभार बघतात, तिथे 'माणूस' काय पारखणार?

वर्तकनगरची
हे वाक्य मी ऐकून घेणार नाही. निम्म्या जागा आमच्या आहेत. नवऱ्याचा फोटो बायकोपेक्षा मोठा छापणारे तुमचेच पक्ष. आजींच्या वेळी वॉर्ड ऑफिसात माझ्याबरोबर दोन तास उभी राहिली ती बचत गटातली बाई, कुणाच्याही तिकिटाशिवाय. मुकादमाला हाताला धरून तिने गल्लीत आणलं, तेव्हा झाकण बसलं. या वेळी ती अपक्ष उभी आहे. म्हणून मी चिन्ह बघत नाही.

नौपाडाकर
नवऱ्यांचं सरसकट बोललो, ते मागे घेतो. बाकी मतावर ठाम आहे. तीन मतं माझ्या पक्षालाच. चौथ्या जागेवर मात्र जो दिलाय त्याने बागेच्या पाटीचं भांडण लावलं होतं, त्याला देताना माझाही हात जड होतोय. तिथे काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

दिव्याचा प्रवासी
नोटा प्रत्येक जागेला वेगळं आहे, नौपाडाकर. पण सगळी बटणं दाबल्याशिवाय बाहेर येऊ नका, नाहीतर मशीन अडकून राहतं आणि मागची रांग ओरडते.

कासारवडवलीची
रविवारी आमच्या सोसायटीत तीन पॅनलं येणार आहेत. सेक्रेटरींनी कॅमेरे आणि रंगकाम मागायचं ठरवलंय. मी टँकरची वर्षभराची बिलं फाईलला लावून नेतेय. जावईबापू, गळतीचा प्रश्नही विचारते, तुमचं पटलं म्हणून नाही, सासूबाईंसाठी.