'गाव मेलं' म्हणून पाच दिवसांत पुण्याला परतणाऱ्या अमळनेरकरांना

बोरीकाठ:
चार दिवसांपूर्वी इथे एक लेख आला, 'आखाजी होती, गाव नव्हतं'. लेखक मूळचे अमळनेरचे, हल्ली मुक्काम बाणेर. वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: बारा वर्षांनी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी आलो. संध्याकाळी सातला गल्ली ओस. ओट्यावर कुणी नाही, निंबाला झोका नाही, गच्चीवर गाद्या नाहीत, बिबड्यांच्या (ज्वारीच्या पापडांच्या) शिजत्या घाट्याचा वास नाही. सगळे दारं लावून एसीत. शेवटचं वाक्य, 'गाव मेलंय, सुतक तेवढं कुणी पाळत नाही.' खाली लोकांचं +१, +१, डोळे पाणावले.

माझे डोळे पाणावले नाहीत, डोकं तडकलं. तिथेच लिहिणार होतो, लांबलं म्हणून वेगळा धागा.

अहो, २०२५ ची आखाजी बुधवारी, ३० एप्रिलला. गुरुवारी महाराष्ट्र दिन. शुक्रवारची एक रजा टाकली की रविवारपर्यंत मोकळे. म्हणजे आलात पाच दिवस, त्यातली दोन लग्नांत गेली. एवढ्यात नाडी बघून मयत ठरवलंत? बोरी नदीच्या वाळवंटातली सखाराम महाराजांची यात्रा अजून भरायची होती. एकादशीच्या रथापर्यंत थांबायला तुम्हाला रजा नसते, पौर्णिमेच्या पालखीचं तर सोडाच.

आणि सातला ओट्यावर कुणी नव्हतं, तर तुम्ही तरी बसून बघितलंत का? दिवसभर तापलेली शहाबादी रात्री नऊपर्यंत बूड भाजते. लोक दहानंतर बाहेर पडतात. साडेदहाला लस्सी प्यायला जावं तर गाडी लावायला जागा नसते. त्या वेळी तुम्ही झोपला होतात, हे तुमच्याच लेखात आहे. चौथा परिच्छेद, 'भावाने वरच्या खोलीत नवा एसी बसवलाय'.

मिलचा भोंगा बंद झाला तेव्हाही गाव मेलं होतं म्हणे. मग २०२४ च्या फेब्रुवारीत प्रताप कॉलेजच्या मैदानावर ९७ वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा तीन दिवस जिवंत झालं. सगळ्यांच्या स्टेटसला 'माझं अमळनेर'. साने गुरुजी, विप्रोचा वनस्पती तुपाचा कारखाना आणि त्या कंपनीचे शेअर, एवढ्यात तुमचं गाव आटोपतं. उरलेल्या गावात आम्ही राहतो.

परतवारी:
मीच तो लेखक. परिच्छेद मोजलेत, वाचलेही असते तर बरं झालं असतं.

मी नववीत होतो. मे महिना, अख्खी गल्ली बाहेर, खाटा ओळीने. रात्री दोनला वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. आईने हाक मारायच्या आत शेजारचे आबा उठून बसले होते, कारण त्यांची खाट हातभर अंतरावर. चौघांनी खाटेसकट उचलून डॉक्टरांच्या दारात नेलं. वडील त्यानंतर एकोणीस वर्षं जगले.

यंदा त्याच गल्लीत एक आजी रात्री न्हाणीत पडल्या. दार आतून बंद, लेक-सून वरच्या मजल्यावर, एसीच्या आवाजात कुणाला हाक ऐकू गेली नाही. सकाळी दूधवाला आला तेव्हा कळलं. वाचल्या, पण रात्रभर ओल्या फरशीवर पडून होत्या. मी याला मेलेलं गाव म्हणतो. तुमची लस्सी तुम्हाला लखलाभ.

बोरीकाठ:
आजींचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण बाथरूममध्ये पडलेलं माणूस गल्लीतल्या खाटांवरूनही दिसत नाही. आणि वडिलांना खाटेवरून न्यावं लागलं, कारण तेव्हा रात्री दोनला गाडी मिळत नव्हती. आज मिळते. हे तुम्ही हिशेबात धरणार नाही.

खापर:
दोघांना एक विचारू का? 'अख्खी गल्ली बाहेर' म्हणजे नक्की कोण कोण?

माझं लग्न १९९३ चं. सुनांनी ओट्यावर झोपायचं नाही. आम्ही तिघी जावा आतल्या खोलीत, पोरं कुशीत. घरात एकच टेबलफॅन, तो खिडकीत ठेवून तोंड बाहेर, सासऱ्यांच्या खाटेकडे. आम्ही पदर भिजवून अंगावर घ्यायचो, तो अर्ध्या तासात वाळायचा, की पुन्हा उठा. झोका म्हणाल तर तो माहेरी, तेही आखाजीला धाडलं तर. माझ्या पहिल्या पाच वर्षांत दोनदा धाडलं.

आता तो 'घाट्याचा वास'. वास यायचा, कारण पहाटे तीनला उठून कुणीतरी चूल पेटवायचं. दादर, म्हणजे आपली ज्वारी, भिजवायची, सडायची, भरडायची, मग दहा किलोचा घाटा लाकडी दांड्याने हाटायचा. तो रटरटायला लागला की शिंतोडे उडतात. माझ्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत पांढरे ठिपके आहेत अजून. वारा सुटायच्या आत ओल्या धोतरावर बिबडे थापून झाले पाहिजेत, नाहीतर कडा फुटतात. मग कुरडयांचा गहू, तीन दिवस पाणी बदला, चीक काढा. मग उडदाचे पापड, ते पीठ कुटताना खांदे भरून यायचे. शेवया वेगळ्याच. तुमच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचं हे चालायचं.

हल्ली मी बचत गटाकडून आणते. सुतक ज्याला पाळायचं त्याने पाळावं.

अडावदचा_अण्णा:
बिबडे घेऊन बसलोय. चालू द्या.

नानाभाऊ_चोपडा:
ताई, तुमचा राग समजतो. पण बाहेरच्या बिबड्यांना बिबडे म्हणू नका एवढीच विनंती. घाटा पुरता शिजवत नाहीत. तळला की नुसता फुलतो, दाताखाली दादर लागत नाही. तीळ दिसायला वरून टाकलेले. लसूण तर नाहीच, का तर म्हणे टिकत नाही. आमच्या मोठ्या मायच्या हातचे बिबडे दोन-दोन वर्षं टिकले, लसणासकट. एकदा कोठीत मागच्या वर्षीचा डबा सापडला, खवट वास नाही की काही नाही. त्या बाईने साठ उन्हाळे बिबडे केले आणि कधी हूं की चूं केलं नाही. आवडीने करायची. आवड संपली, हे खरं कारण. एसी-बिसी नंतर.

खापर:
नानाभाऊ, हूं की चूं केलं नाही, की तुम्ही ऐकलं नाही?

नानाभाऊ_चोपडा:
हे बरंय. आजीचं कौतुक केलं तरी आम्ही गुन्हेगार. तुमच्या शहरी वाचनातून आलेलं दिसतंय हे सगळं.

खापर:
मी धरणगावची, दिली अमळनेरात. आयुष्यात पुण्याला तीनदा गेले, तिन्ही वेळा दवाखान्यासाठी. शहरी मला म्हणू नका. तुमच्या मोठ्या मायच्या बोटांचे सांधे कसे होते तेवढं आठवून सांगा.

हिशोबी:
भावनिक चर्चा चालू आहे तोवर आकडे मांडतो. आमच्या आईने मागच्या वर्षी हट्टाने घरी बिबडे केले. दादर, तीळ, लसूण, गॅस आणि मदतीला बोलावलेल्या दोन बायांची मजुरी धरली, तर गटाच्या शेकड्यापेक्षा महाग पडले. आईची स्वतःची मजुरी मी शून्य धरली होती. ती धरल्यावर बोलायलाच नको. वर बीपीची गोळी वाढली.

नानाभाऊ_चोपडा:
आईची मजुरी काढणारी पिढी! धन्य!

हिशोबी:
शून्य धरणारी पिढी त्याआधीची, नानाभाऊ.

केळीबाग:
आमच्या रावेरकडे हल्ली पोरी केळीचे वेफर तळून विकतात, बिबड्यांचं नाव काढत नाहीत. सावद्याच्या एका पाहुणीने कुरडयांत साबुदाणा घातला होता. यावर कुणी बोलणार आहे का?

परतवारी:
माझा लेख बिबड्यांवर नव्हता. एका वाक्यात उल्लेख होता.

अडावदचा_अण्णा:
आता आहे.

पायरीखाली:
वाचत होतो, लिहिणार नव्हतो. ओटा, ओटा चाललंय म्हणून लिहितो.

माझे वडील सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीने राबणारे शेतगडी होते. आमच्या घरी आखाजी म्हणजे पुरणपोळी नंतर, आधी साल. जुनं साल संपायचं, नवं ठरायचं. मालक ओट्यावर, वडील पायरीखाली उभे. गेल्या सालची उचल किती फिटली, खाडे किती, हे मालकाने वाचून दाखवायचं आणि वडिलांनी मान हलवायची. मी त्यांचं बोट धरून उभा असायचो. वरती आमरसाची तयारी चाललेली, वास खाली यायचा. तुमच्या लेखातल्यासारखा.

ते ओटे ओस पडले म्हणून मला रडू येत नाही. आमच्या वस्तीत ओटाच नव्हता. आता माझ्या घराला आहे, आणि मी त्यावर बसत नाही. डास चावतात.

बोरीकाठ:
+१. याच्यापुढे माझा धागा फिका.

धाबं:
एक मुद्दा राहतोय. घरं बदलली, त्याबद्दल कुणी बोलत नाही. मातीच्या भिंती, वर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, त्यावर दर साली मृगाआधी पांढरी माती पसरायची. दुपारी आत गेलं की डोळ्यांना अंधारी यायची, पण अंगाची लाही होत नव्हती. आता स्लॅब. तो दिवसभर तापतो आणि रात्रभर ती धग आत सोडतो. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारलं की वाफ येते. अशा गच्चीवर गाद्या टाकणार कोण? वरून एसी. तो खोलीतली गरमी उचलून बोळात टाकतो. आमच्या काकांच्या ओट्यासमोर, पाच हातांवर, शेजाऱ्याच्या एसीचं बाहेरचं धूड आहे, तोंड थेट ओट्याकडे. काका ओट्यावर बसत नाहीत ते परंपरा मोडली म्हणून नाही, भाजतं म्हणून. त्यांनी काय केलं असेल? स्वतः एसी घेतला. त्याचं तोंड तिसऱ्याच्या ओट्याकडे.

त्यामुळे परतवारी यांचं अर्धं बरोबर, बोरीकाठ यांचंही अर्धं. दोघांनी अर्धा-अर्धा कप घ्यावा.

खापर:
धाबं पावसाळ्यात गळायचं, तेही लिहा. पातेली कोण लावायचं, हे विचारत नाही.

रिकामा_हंडा:
एसी एसी करताय सगळे, पण लोक एसी का घेतात? आपला कोरडा उन्हाळा, कूलरइतकं स्वस्त आणि बरं काही नाही. वाळ्याच्या ताट्या लावा, खोली गार. पण कूलर पाणी पितो. आणि आमच्याकडे (गावाचं नाव लिहीत नाही, मेहुणा पालिकेत आहे) मे महिन्यात नळ नवव्या दिवशी, तोही रात्री दोनला. नऊ दिवसांचं पाणी साठवायचं, त्यातलं कूलरला पाजायचं की पोरांना? मागच्या उन्हाळ्यात टँकरचे पैसे मोजले आणि सरळ एसीचे हप्ते बांधले. एसीला पाणी लागत नाही, उलट नळीतून बादलीभर देतो. ते आम्ही कूलरमध्ये ओततो. हसू नका.

तापी डोळ्यांदेखत गुजरातच्या उकाई धरणाकडे जाते. पाडळसे धरणाचं काम माझ्या लग्नाआधीपासून चालू आहे, पोरगी बारावीला आली. एखादा लेख त्यावर लिहा ना कुणी. त्याला +१ पडणार नाहीत, माहीत आहे. झोका नाही ना त्यात.

परतवारी:
धरणावर लिहायला हवं, मान्य. पण 'लस्सीच्या गाडीवर गर्दी म्हणजे गाव जिवंत' हे मला पटत नाही. गर्दी बाणेरलाही असते.

बाकी खापर ताईंना एक सांगायचं होतं. काल आईला फोन केला. विचारलं, वडिलांच्या छातीत दुखलं त्या रात्री तू कुठे झोपली होतीस? म्हणाली, आत. मला इतकी वर्षं वाटत होतं तीही बाहेर होती. तिला आवाज कसा कळला, तर ती जागीच होती, पहाटे कुरडयांचा चीक शिजवायचा होता म्हणून.

'मेलं' हा शब्द मागे घेतो. 'आजारी' ठेवतो.

बोरीकाठ:
उपकार झाले. आजारी माणसाला भेटायला पाच दिवसांनी भागत नाही, एवढं पुढच्या वर्षी रजा टाकताना बघा. आणि भावाच्या एसीचं तोंड कुणाच्या ओट्याकडे आहे तेही.

परतवारी:
बघितलं. आबांच्या.

अडावदचा_अण्णा:
अरेरे.

नानाभाऊ_चोपडा:
दोन दिवस या धाग्यावर आलो नाही. खापर ताई, सांधे वाकडे होते. शेवटी शेवटी घास धरता येत नव्हता, आम्ही भरवायचो. तरीही म्हणतो, बाहेरच्या बिबड्यांना ती चव नाही. हे माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

तुमच्या त्या बचत गटाचा नंबर असेल तर पाठवा. लसूण घालतात का?

खापर:
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. लसणाचे हवे असतील तर पंधरा दिवस आधी सांगावं लागतं आणि शेकड्याखाली देत नाहीत. घासाघीस करू नका, माझं नाव खराब होईल.

रिकामा_हंडा:
मलाही पाठवा नंबर, सकाळी बघतो. नळ आलाय.