रेसच्या घोडीच्या खुराला चीर गेलीये, घोडं नेमकं कुठं पेंड खातंय? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

शीर्षक वाचून हसू नका, खरंच टेन्शन आहे. आम्ही पाच मित्रांनी मिळून एक थरोब्रेड (रेसच्या जातीची) घोडी घेतलीये, ४ वर्षांची, पुण्यात ट्रेनरकडे असते. मी पाचव्या हिश्शाचा मालक, म्हणजे तसं बघितलं तर माझ्या वाट्याला एक पायसुद्धा पूर्ण येत नाही, पण ज्या पायाला चीर गेलीये तो माझाच असं बाकीचे चौघं ठरवून मोकळे झालेत कारण दर रविवारी गाजरं घेऊन जाणारा मी एकटाच.

झालंय असं की डाव्या पुढच्या खुराला आतल्या बाजूला, टाचेच्या जरा पुढे, उभी चीर पडलीये. वरून सुरू होते, जिथे केस संपून खूर चालू होतं तिथून, आणि खाली दीडेक इंच येते. आधी केसासारखी बारीक होती, गेल्या आठवड्यात गॅलपनंतर (भरधाव दौडीनंतर) तिथून रक्ताचा थेंब दिसला आणि घोडी पाय टेकताना चुकवायला लागली.

आता गंमत बघा. ट्रेनर म्हणतात पावसाळा आहे, पुण्याच्या सीझनला असं होतंच. नालबंद म्हणतो खूर जातीचंच पातळ आहे, मी काय करू. सईस (तिची रोजची निगा राखणारा) म्हणतो मुंबईहून मे महिन्यात आली तेव्हापासूनच तिची चाल वेगळी होती, पण त्याला कोण विचारतं. आणि डॉक्टर म्हणाले बॅलन्स बघा, एवढं बोलून दुसऱ्या घोड्याकडे गेले. मी आपला बायोटिनचा (खुरासाठी देतात त्या जीवनसत्त्वाचा) डबा घेऊन आलो, खुराला लावायचं तेल आणलं, दोन्ही चालू आहे, फरक शून्य.

मला फक्त एवढंच कळून घ्यायचंय की हे कशामुळे होतं. विश्रांती दिली आणि परत तिथेच फाटलं तर काय उपयोग? जाणकारांनी प्लीज लिहा. खुराक ओट्स, हरभरा, गव्हाचा कोंडा, लसूणघास. रोज पहाटे कामानंतर पाय धुतात.

प्रतिसाद:
भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? न फिरवल्यामुळे! २२ तास ठाणात उभी राहणार आणि दोन तास वाऱ्यासारखी पळणार, आणखी काय होणार.
(माझा घोड्यांशी संबंध फक्त लग्नाच्या वरातीपुरता आहे, चूभूदेघे.)

प्रतिसाद:
वरच्यांचं अर्धं बरोबर आहे, पण तुमच्या केसमध्ये न फिरवल्यामुळे नाही तर एकाच कडेवर फिरवल्यामुळे असण्याची शक्यता जास्त. मी बरीच वर्षं घोड्यांच्या दवाखान्यात काम केलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही सांगताय त्याला क्वार्टर क्रॅक म्हणतात. टाचेच्या पुढची, वरून खाली येणारी, आणि रक्त आलं म्हणजे आतल्या जिवंत भागापर्यंत गेलेली. समोरच्या बाजूला, खुराच्या टोकाकडे पडते ती वेगळी, तिची कारणंही बरीचशी वेगळी.

मुळात खूर म्हणजे दगड नाही. वजन पडलं की टाचेकडे ते किंचित फाकतं आणि उचललं की परत जागेवर येतं. थरोब्रेड ४५०-५०० किलोचा, गॅलपमध्ये एका पुढच्या पायावर वजनाच्या अडीचपट जोर येतो. हा जोर दोन्ही टाचांवर सारखा आला तर खूर सहन करतं. पण रेसच्या घोड्यांत पुढचं टोक लांब आणि टाच बसकी ठेवायची खोड जुनी आहे, त्यात पाय थोडा जरी वाकडा असला तर बाहेरची कडा आधी टेकते आणि मग सगळं वजन दाणकन आतल्या टाचेवर येतं. रोज शेकडो वेळा. ती टाच हळूहळू वर ढकलली जाते, केसांची रेष तिथे चढलेली दिसते आणि खुराची भिंत, म्हणजे बाहेरचं कडक कवच, तिथेच फाटते. नालेचे खिळे फार मागे मारले असतील तर टाचेला फाकायलाही जागा उरत नाही.

म्हणून उद्या जाऊन दोन गोष्टी करा. घोडीच्या मागे उभं राहून पुढच्या पायाच्या दोन्ही टाचांचे फुगीर भाग सारख्या उंचीवर आहेत का बघा. मग सईसाला कडक सपाट जमिनीवर तिला सरळ चालवत आणायला सांगा आणि समोरून फोनवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्या, कुठली कडा आधी टेकते ते आपोआप कळेल. सईसाचं ऐका हो, तो रोज तिच्या पायाशी बसतो.

बाकी कारणंही असतात. मागच्या पायाने पुढच्याची केसांची रेष खरवडली, किंवा आत पू होऊन तो वरून फुटला, तर तिथून पुढे उगवणारी भिंत कमजोर येते. पावसाबद्दल ट्रेनर पूर्ण चुकीचे नाहीत, रोज भिजणं आणि वाळणं याने खूर फुगतं-आकसतं आणि ठिसूळ होतं, पण मग सगळ्या घोड्यांचे चारही पाय फाटले असते ना. एकाच पायाची एकच बाजू का, हा प्रश्न त्यांना विचारा.

प्रतिसाद:
बायोटिनबद्दल. ते टाकाऊ नाही, पण जादू पण नाही. खूर महिन्याला साधारण ८-१० मिमी वाढतं. फाटलेला भाग कातडीसारखा जुळत नाही, वरून नवीन उगवून खाली सरकावा लागतो. टाचेकडे भिंत बुटकी म्हणून ४-६ महिने, टोकाला ९-१२. व्हिएन्नाच्या लिपिझ्झानर घोड्यांवर दिवसाला २० मिग्रॅ देऊन बघितलं होतं तिथेही फरक दिसायला महिनोन्महिने गेले. कोंडा कमी करा, त्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. आणि तीन-चार डबे एकत्र चालू असतील तर सेलेनियम दुप्पट जात नाहीये ना ते लेबलवर बघा, ते जास्त झालं की खुरं उलट फुटतात.

प्रतिसाद:
२००८ चा अमेरिकेतला रेसचा घोडा बिग ब्राऊन आठवतोय का? केंटकी डर्बी आणि प्रीकनेस जिंकला, ट्रिपल क्राउनसाठी फक्त तिसरी रेस, बेलमाँट, बाकी आणि डाव्या पुढच्या खुराला क्वार्टर क्रॅक. स्टीलच्या तारेने टाके घालून वर अॅक्रिलिकचा पॅच मारला. रेसमध्ये शेवटचा आला. चिरेमुळेच असं छातीठोक कुणी सांगू शकलं नाही, पण पॅच मारून पळवायचा विचार तुमच्या ट्रेनरच्या डोक्यात असेल तर आधी चीर कोरडी आणि स्वच्छ झालीये का हे डॉक्टरांकडून बघून घ्या. आत घाण असताना वरून पॅच मारला की आत पू कोंडतो.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. आज व्हिडिओ काढला. बाहेरची कडा आधी टेकतेय, अगदी स्पष्ट. आतली टाच दुसरीपेक्षा बोटभर वर. नालबंदाला दाखवला, तो बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला बार शू (मागून पट्टीने जोडलेली बंद नाल) लावून त्या टाचेखाली जरा मोकळं सोडू, जोर येणार नाही. डॉक्टर उद्या चीर साफ करणारेत, पॅचचं नंतर. म्हणजे हा सीझन गेला. हे बाकी चौघांना सांगायचंय, आणि ट्रेनरनाही, पण ते पाचव्या हिश्शाचा फोन पाचव्या वेळीच उचलतात. बार शू लावल्यावर हातात धरून फिरवायला कधीपासून सुरुवात करायची, कुणाला अनुभव आहे का?